समुद्रतीरावरील गुरुपरिक्रमा

(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवातील व्याख्यान)

 

प्रदक्षिणेचा संस्कार आपल्याकडे बाळपणापासून होतो. आईचे बोट धरून तुळशीवृंदावनाभोवती फिरणारे मूल पुढे गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालू लागते. प्रौढपणी एखाद्या पुण्यगिरीला फेरी घालते. आणि ज्याचे भाग्य थोर, तो नर्मदामाईला उजव्या हाती ठेवून महिनोन्‌महिने तिच्या काठाने चालत राहतो. प्रदक्षिणेचा मध्य कोठे मूर्ती असते, कोठे पर्वत, कोठे नदी. परंतु एक संपूर्ण बेटच मध्ये ठेवून, उजवीकडे डोंगर आणि डावीकडे समुद्र घेऊन, गुरुस्मरणात पुरी करावयाची एक प्रदक्षिणा जपान देशात आहे. शतकानुशतके लोक ती पायी करीत आले आहेत व आजही करतात. त्या परिक्रमेचा, आणि विशेषेकरून तिच्या समुद्रकाठच्या वाटेचा, विचार आज करावयाचा आहे. दूरदेशीच्या या यात्रेत गुरुभक्ताला ओळखीचे वाटावे असे पुष्कळ आहे, आणि शिकण्याजोगे त्याहूनही अधिक आहे.

या बेटाचे नाव शिकोकू. जपानच्या चार प्रमुख बेटांत ते सर्वांत लहान होय. तरी त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या साधारण पाचपट भरते. ‘शिकोकू’ या नावाचा अर्थच मुळी ‘चार देश’ असा आहे. आवा, तोसा, इयो आणि सानुकी हे ते चार प्राचीन प्रांत. आजच्या व्यवस्थेत त्यांना अनुक्रमे तोकुशिमा, कोचि, एहिमे आणि कागावा अशी नावे आहेत. या चारही प्रांतांतून, बहुतांशी किनाऱ्याच्या आश्रयाने आणि मधूनमधून डोंगरात शिरून, एकंदर ८८ मंदिरांना क्रमाने जोडणारी वाट जाते. तिची लांबी अकराशे ते बाराशे किलोमीटर आहे. यात्रेकरूला तेथे ‘हेन्रो’ म्हणतात. रोज वीस-तीस किलोमीटरांची मजल मारणाऱ्या हेन्रोला ती पुरी करण्यास चाळीस ते पन्नास दिवस लागतात.

या वाटेवर ज्यांचे स्मरण करावयाचे, ते आचार्य कूकाई. त्यांचा जन्म इ. स. ७७४ मध्ये सानुकी प्रांतात झाला. त्या जन्मस्थानी आज झेंत्सूजी हे पंचाहत्तरावे मंदिर उभे आहे. घरच्यांनी त्यांना राजधानीस पाठविले ते राजसेवेला उपयोगी पडणाऱ्या विद्या शिकण्यासाठी. पण तरुणपणीच त्यांचे मन त्या विद्येवरून उठले आणि ते डोंगरांत व समुद्रकाठी तप करू लागले. ८०४ मध्ये राजदूतांच्या ताफ्याबरोबर ते चीनला गेले. तेथील छांगआन या राजधानीत ह्वेइक्वो नावाच्या आचार्यांची आणि त्यांची गाठ पडली. हे ह्वेइक्वो म्हणजे थोर मंत्राचार्य अमोघवज्र यांचे शिष्य. आणि अमोघवज्रांनी देह ठेवला ते वर्षही ७७४ हेच होते. शिष्याला पाहताच वृद्ध गुरूने, तुझी वाट फार दिवस पाहत होतो, अशा आशयाचे उद्गार काढले, असे स्वतः कूकाई यांनी लिहून ठेवले आहे. मग काही महिन्यांतच गुरूने आपली सारी विद्या शिष्याच्या पदरात घातली आणि ८०५ चे वर्ष सरता सरता देह ठेवला. दुसऱ्या वर्षी कूकाई स्वदेशी परतले. त्यांनी प्रवर्तित केलेल्या संप्रदायाला ‘शिंगोन’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ‘सत्य वचन’, म्हणजेच मंत्र. ८१६ मध्ये कोया पर्वतावर त्यांना मठासाठी भूमी मिळाली आणि ८३५ मध्ये तेथेच त्यांचे अवतारकार्य संपले. संपले असे इतिहास म्हणतो. भक्त मात्र म्हणतात की, आचार्य समाधीत बसलेले आहेत. म्हणून त्या स्थानी आजही प्रतिदिनी त्यांना भोजन नेले जाते. आळंदीची संजीवन समाधी ज्यांच्या अंतःकरणात वसते, त्यांना ही श्रद्धा समजावून सांगण्याचे कारण नाही. मागाहून, ९२१ मध्ये, सम्राटाने त्यांना ‘कोबो दाइशी’ ही पदवी अर्पण केली. ‘दाइशी’ म्हणजे महान आचार्य. लोक त्यांना प्रेमाने याच नावाने हाक मारतात.

संस्कृत विद्येच्या उपासकांना यात आणखी एक जिव्हाळ्याची गोष्ट सापडेल. भारतवर्षाच्या वायव्य सीमेकडून चीनमध्ये गेलेले प्रज्ञ नावाचे भिक्षू त्या काळी छांगआन येथे होते. त्यांच्यापाशी कूकाई संस्कृत शिकले आणि परतताना संस्कृत मंत्रस्तोत्रांच्या पोथ्या बरोबर घेऊन आले. त्या पोथ्यांची लिपी ‘सिद्धम्’ या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे पूर्वी मुलाला धुळाक्षरे शिकविताना प्रथम ‘ॐ नमः सिद्धम्’ असे गिरवावयास लावीत, आणि त्यातूनच मराठीत ‘ओनामा’ हा शब्द रूढ झाला. जो शब्द येथे अक्षरओळखीचा आरंभ झाला, तोच तेथे लिपीचे नाव होऊन बसला. भारतात ती लिपी व्यवहारातून कधीच गेली. जपानमधील मंदिरांत, पाषाणांवर, आणि यात्रेकरूच्या हातातील काठीवर ती आजही लिहिली जाते.

या काठीचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण साऱ्या परिक्रमेचे मर्म तिच्यात साठविले आहे. हेन्रोचा वेष शुभ्र असतो. डोक्यावर गवताची रुंद टोपी, गळ्यात झोळी, आणि हातात ही काठी. तिला ‘कोंगोझुए’ म्हणजे वज्रदंड असे नाव आहे. तिचे वरचे टोक पाच टप्प्यांत कोरलेले असते. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांचा तो स्तूप होय. खालपासून वरपर्यंत अ, व, र, ह, ख ही पाच संस्कृत बीजाक्षरे त्यावर असतात. आपल्या तांत्रिक परंपरेतील भूतबीजांपैकी जलाचे ‘व’ आणि अग्नीचे ‘र’ ही दोन येथेही तीच आहेत; आणि ‘ख’ म्हणजे आकाश, हे तर अमरकोश घोकणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. या शुभ्र वेषाचा आणि दंडाचा दुसरा अर्थही प्रत्येक हेन्रोला माहीत असतो. वेष म्हणजे प्रेतवस्त्र. वाटेत मरण आले, तर अंगावरचे वस्त्र तेच कफन, आणि हातातली काठी तीच थडग्यावरची खूण. पूर्वी असे शेकडो जण वाटेवरच मृत्यू पावले. रानात, खिंडीत, समुद्रकाठी त्यांचे लहानलहान स्मृतिपाषाण अजून दिसतात. घर सोडताना मनुष्य आपला अंत्यविधी बरोबर घेऊनच निघत असे.

परंतु या दंडाचे थोरपण मृत्यूच्या आठवणीपाशी संपत नाही. हा दंड म्हणजे प्रत्यक्ष दाइशी, असा भाव आहे. यात्रेकरूच्या वस्त्रावर वा टोपीवर चार अक्षरे लिहिलेली असतात: ‘दोग्यो निनिन’. अर्थ असा की, या वाटेवर दोघे बरोबर चालले आहेत. मनुष्य एकटाच दिसला, तरी दुसरा त्याच्या हातात आहे. म्हणून संध्याकाळी मुक्कामी पोहोचताच हेन्रो आधी काठीचे टोक धुतो, ती मानाच्या जागी उभी करतो, आणि मगच स्वतःच्या पायांकडे पाहतो. पुलावरून जाताना काठी टेकावयाची नाही, हाही एक नियम आहे. आचार्यांना एके रात्री कोणी आश्रय दिला नाही, तेव्हा ते ओझू गावाजवळ एका पुलाखाली निजले आणि ती एक रात्र त्यांना दहा रात्रींएवढी भासली, अशी आख्यायिका आहे. न जाणो, अजूनही ते एखाद्या पुलाखाली विसावले असतील. त्यांची झोप मोडू नये. पालखीत गुरूच्या पादुका ठेवून तिच्याबरोबर पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्याला यातील गोडी सहज उमजेल. पादुका पुढे चालतात आणि भक्त मागे चालतो, इतका भोळा आणि इतका दृढ हा विश्वास आहे.

आता या परिक्रमेचा क्रम पाहू. चार प्रांत हे साधनेचे चार टप्पे मानले आहेत. आवा प्रांतातील १ ते २३ ही मंदिरे बोधिचित्ताच्या उदयाची, म्हणजे मुमुक्षा जागी होण्याची. तोसातील २४ ते ३९ ही साधनेची. इयोतील ४० ते ६५ ही बोधीची. आणि सानुकीतील ६६ ते ८८ ही निर्वाणाची. वरवर पाहता ही केवळ नावांची वाटणी वाटेल. पण नकाशा समोर ठेवला की, तिच्यामागील अनुभव ध्यानी येतो. आवा प्रांताच्या आरंभी मंदिरे जवळजवळ आहेत. पहिल्या दिवशी चार-पाच मंदिरे सहज होतात, नवा उत्साह असतो, प्रत्येक वळणावर घंटेचा नाद कानी पडतो. तोसा प्रांताची वाट मात्र जवळजवळ चारशे किलोमीटरांची, आणि मंदिरे अवघी सोळा. चारांपैकी सर्वांत लांब वाट आणि सर्वांत कमी देवळे ज्या प्रांतात, त्यालाच पूर्वजांनी साधनाभूमी हे नाव दिले. मुमुक्षा जागी होते तेव्हा गुरू पावलोपावली खुणा दाखवितो. साधना सुरू झाली की, खुणा विरळ होतात आणि वाट लांबते.

ही साधनाभूमी म्हणजेच समुद्रकाठ. हिवासा गावच्या याकुओजी या तेविसाव्या मंदिरापासून मुरोतो भूशिरावरील होत्सुमिसाकिजी या चोविसाव्या मंदिरापर्यंत सुमारे ७५ किलोमीटरांचे अंतर आहे. मध्ये क्रमांकाचे एकही मंदिर नाही. पायी चालणाऱ्याचे तीन दिवस यात जातात. पहिल्या दिवशी मुगी व त्यापुढील कोळीवस्त्या लागतात. वाट कधी डोंगरात शिरते, कधी पाण्याशी येते. दुसऱ्या दिवशी शिशिकुई ओलांडून कान्नोउरा येथे तोसा प्रांतात प्रवेश होतो. संस्थानी अमलात तोसाचे अधिकारी यात्रेकरूंविषयी कठोर असत. त्यांना नेमलेल्या नाक्यांवरूनच आत यावे लागे आणि ठराविक दिवसांत बाहेर पडावे लागे. तिसऱ्या दिवशी नोने गावाच्या पुढे तर डोंगर थेट समुद्रात उतरतो. पूर्वी तेथे वाटच नव्हती. लाटा मागे सरतील त्या वेळी एका धोंड्यावरून दुसऱ्या धोंड्यावर उडी घ्यावयाची आणि पुढची लाट येण्यापूर्वी पलीकडे पोहोचावयाचे. लाटेबरोबर गडगडणाऱ्या दगडांच्या आवाजावरून त्या जागेला ‘गोरोगोरो’ दगडांची वाट असे नाव पडले. आता तेथून पक्का राजमार्ग जातो. धोका गेला, परंतु एकसुरीपणा राहिला आहे. उजवीकडे तोच डोंगर, डावीकडे तोच समुद्र, समोर तेच भूशिर, आणि ते भूशिर तासामागून तास गेले तरी जवळ येत नाही.

अनेक हेन्रोंची खरी कसोटी येथेच लागते. चढणीवर शरीर थकते, पण मन गुंतलेले असते. सपाट समुद्रकाठी शरीर चालत असते आणि मन मात्र रिकामे पडते. मग ते हिशेब करू लागते: किती झाले, किती उरले, हे सारे कशासाठी. बाराशे किलोमीटरांचा आकडा मनात आणला की, पाऊल जड होते. जो वाटसरू हा आकडा बाजूस ठेवून आजच्या मुक्कामापुरता विचार करतो, तो पोहोचतो. म्हणून या वाटेवरील दिनक्रम अगदी लहान आणि ठरीव असतो. पहाटे उठावे, आन्हिक आटोपावे, चालावे. मंदिर आल्यास हात-तोंड धुऊन मुख्य देवालयासमोर आणि मग दाइशींच्या देवालयासमोर प्रज्ञापारमिता-हृदयसूत्र म्हणावे, आपल्या नावाची चिठ्ठी अर्पण करावी, वहीत मंदिराची मुद्रा घ्यावी, पुन्हा चालावे. दिवस मावळण्यापूर्वी आसरा गाठावा, काठी धुवावी, स्नान, भोजन, निद्रा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या सूत्राच्या शेवटी जो मंत्र आहे, त्याचे मुख्य पद ‘गम्’ धातूचे आहे, हा योगायोग संस्कृतज्ञांनी ध्यानात घ्यावा. अर्थ कळो न कळो, दिवसातून कितीदा तरी तो चालणारा मनुष्य ‘जाणे’ या क्रियेचाच जप करीत असतो.

तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस मुरोतो येते. भूशिराच्या पायथ्याशी एक गुहा आहे. तरुणपणी कूकाई यांनी या भूशिरावर आकाशगर्भ बोधिसत्त्वाच्या मंत्राचे अनुष्ठान केले. ते अनुष्ठान दहा लक्ष जपाचे आहे. जप पुरा होत असता पहाटेचा शुक्रतारा त्यांच्या मुखात शिरला, अशी परंपरा आहे. गुहेच्या तोंडातून पाहिले की, फक्त दोन वस्तू दिसतात: वर आकाश आणि खाली समुद्र. त्यावरूनच त्यांनी स्वतःस कूकाई हे नाव घेतले, असे सांगतात. ‘कू’ म्हणजे आकाश, शून्य; आणि ‘काई’ म्हणजे सागर. चोविसाव्या मंदिराची मुख्य देवताही आकाशगर्भच आहे. तेथून थोड्याच अंतरावर, मुरोत्सू बंदरावरील टेकडीवर, शिन्शोजी हे पंचविसावे मंदिर आहे. त्याची देवता क्षितिगर्भ. कोळी लोक त्याला सुकाणू धरणारा देव म्हणून भजतात. १६०२ मध्ये तोसाचा अधिपती वादळात सापडला असता एका भिक्षूने येऊन सुकाणू हाती घेतले आणि नाव बंदरास लावली. तो भिक्षू म्हणजे हाच क्षितिगर्भ होता, अशी कथा आहे. एका मंदिरात आकाश ज्याच्या उदरात आहे तो, दुसऱ्यात पृथ्वी ज्याच्या उदरात आहे तो, आणि मध्ये समुद्रकाठाने चालणारा माणूस.

या किनाऱ्यावर पृथ्वीही स्थिर नाही, हे विसरता येत नाही. समोरच्या समुद्रात भूकंपाची मोठी घळ आहे. २१ डिसेंबर १९४६ च्या भूकंपात मुरोतोचे भूशिर एका धक्क्यासरशी मीटरभराहून अधिक वर उचलले गेले. अशा वारंवारच्या उचलण्यामुळेच आचार्यांच्या काळी लाटांच्या निकट असलेली ती गुहा आज समुद्रापासून उंच आणि दूर गेली आहे, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. किनाऱ्यावरील गावांत लाटेपासून बचावासाठी उंच मनोरे आणि चढणीच्या वाटा दाखविणारे फलक जागोजाग आहेत. अनित्यतेचा उपदेश तेथे पोथीतून ऐकावा लागत नाही. आणि तरीही त्याच गावांतील लोक दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या हेन्रोला संत्री, भाताचे मुटके, चहा, कधी पैसे देतात. या दानाला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. ते नाकारावयाचे नसते, कारण ते त्या माणसाला दिलेले नसून त्याच्या सोबतच्या दाइशींना दिलेले असते. घेणारा त्यांना आपल्या नावाची चिठ्ठी देतो आणि हात जोडतो. स्वतः चालू न शकणाऱ्या वृद्धेचे पुण्य असे दुसऱ्याच्या पायांनी परिक्रमा करते.

पुढे वाट पश्चिमेस वळते. कोचिजवळच्या उराडो खाडीवर हेन्रो आजही सरकारी होडीने पलीकडे जातात आणि त्यासाठी उतारू पैसे देत नाही. पुढे शोर्यूजी हे छत्तिसावे मंदिर येते. छांगआनच्या ज्या विहारात गुरू भेटले, त्या विहाराचेच नाव शिष्याने याला दिले. शिष्य स्वतः जगद्विख्यात आचार्य झाला, तरी गुरूच्या उंबरठ्याचे नाव त्याने आपल्या देशाच्या समुद्रकाठी कोरून ठेवले. सदतिसाव्या इवामोतोजीपासून आशिझुरी भूशिरावरील कोंगोफुकुजी या अडतिसाव्या मंदिरापर्यंतचे अंतर तर साऱ्या परिक्रमेत सर्वांत मोठे आहे: ऐंशी किलोमीटरांहून अधिक. शिमांतो नदी ओलांडून गेल्यावर ओकिनोहामा येथे रस्ता सोडून वाट चक्क वाळवंटात उतरते. पुढचे पाऊल ओल्या वाळूत उमटते आणि मागचे लाट पुसून नेते. या लांबलचक टापूत यात्रेकरूंचे हाल पाहून शिन्नेन या साधूने वाटेवर एक लहानशी मठी बांधली. १६८७ मध्ये या परिक्रमेची मार्गदर्शिका छापून प्रसिद्ध करणारे ते हेच. त्यांच्या मागून नाकात्सुकासा मोहेइ नावाचा एक पुरुष झाला. १८६६ मध्ये तो या वाटेला लागला आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालतच राहिला. त्याच्या २८० परिक्रमा झाल्या. त्याने दोनशेंहून अधिक मार्गदर्शक पाषाण उभारले. अशा पाषाणांवर बोट दाखविणारा हात कोरलेला असतो. चालून गेलेला मनुष्य मागून येणाऱ्यासाठी एवढेच ठेवू शकतो.

आशिझुरीच्या कड्यापुढे जमीन नाही. येथील देवता सहस्रभुज अवलोकितेश्वर. या बोधिसत्त्वाचा निवास पोतलक पर्वतावर आहे, आणि ह्युएनत्संगाच्या प्रवासवर्णनात तो पर्वत दक्षिण भारतात, मलयगिरीच्या परिसरात सांगितला आहे. त्या पोतलकाच्या ओढीने मध्ययुगात काही साधू या कड्याखालून लहान नावांत बसून दक्षिणेस निघाले आणि परत आले नाहीत. ज्या भूमीवर आपण रोज वावरतो, तिच्या दिशेला तोंड करून कोणी एक साधू जगाच्या दुसऱ्या टोकाला प्राणाची पर्वा न करता नाव लोटतो, हे ऐकून मन स्तब्ध होते. परंतु परिक्रमेची परंपरा त्या साधूंना वंदन करून कड्यावरून मागे फिरते आणि पुढच्या मंदिराची वाट धरते. तिने समुद्रात झेप घेण्याचा मार्ग आपला मानला नाही; काठाकाठाने एकेक मजल चालण्याचा मानला.

याचे कारण एमोन साबुरोच्या कथेत आहे. हा इयो प्रांतातील धनिक. दारी आलेल्या एका भिक्षूला त्याने पुन्हापुन्हा हाकलले आणि शेवटी त्याचे भिक्षापात्र फोडले. त्याचे आठ तुकडे झाले. पुढे त्याची आठ मुले एकामागून एक मृत्यू पावली. तो भिक्षू म्हणजे दाइशी, हे उमगताच धनदौलत वाटून टाकून तो क्षमा मागावयास त्यांच्या मागे निघाला. त्याने बेटाला वीस फेरे घातले. प्रत्येक ठिकाणी कळे की, आचार्य नुकतेच पुढे गेले. तेव्हा समोरून तरी भेट होईल, म्हणून एकविसाव्या वेळी तो उलट दिशेने निघाला. पण शरीर खचले होते. शोसानजी या बाराव्या मंदिराच्या डोंगराखाली तो पडला, आणि त्याच क्षणी दाइशी त्याच्या शेजारी उभे होते. त्यांनी त्याला क्षमा केली आणि त्याच्या मुठीत एक दगड ठेवला. पुढे इयोच्या अधिपतीच्या घरी मूठ मिटलेले मूल जन्मास आले आणि त्या मुठीत तो दगड निघाला. एक्कावन्नाव्या इशितेजी मंदिरात तो दाखविला जातो. त्या मंदिराच्या नावाचा अर्थच ‘पाषाणहस्त’ असा आहे.

वीस फेऱ्यांत जो गुरू भेटला नाही, तो पडलेल्या जागी कसा भेटला? गुरू पुढे आहे, असे समजून साबुरो धावत होता. त्याला गाठावयाचे, त्याच्याकडून क्षमा मिळवावयाची आणि मोकळे व्हावयाचे, हा हिशेब त्याच्या मनात होता. डोंगराखाली शरीराबरोबर हिशेबही पडला. आजचा हेन्रो या कथेचे सार हातात घेऊन निघतो. गुरू पुढच्या मंदिरात सापडेल या आशेवर तो चालत नाही; तो पहिल्याच दिवशी गुरूचा हात धरतो. म्हणून तीन-तीन दिवस मंदिर दिसले नाही, तरी त्याची यात्रा खंडित होत नाही.

काळ पुष्कळ बदलला. १९१८ मध्ये ताकामुरे इत्सुए ही चोवीस वर्षांची तरुणी एका वृद्धाच्या सोबतीने ही परिक्रमा चालली आणि तिची वृत्ते वर्तमानपत्रातून आली, तेव्हा स्त्रीने असे निघणे हाच एक विस्मय होता. पुढे ती स्त्रियांच्या इतिहासाची मोठी संशोधक म्हणून नावारूपास आली. १९५३ पासून मोटारगाड्यांतून समूहयात्रा होऊ लागल्या आणि आज बहुसंख्य यात्रेकरू वाहनानेच जातात. ज्यांना सलग सवड नसते, ते एका वर्षी एक प्रांत, पुढच्या वर्षी दुसरा, अशी वाटणी करून चालतात, आणि यात कमीपणा मानीत नाहीत. ज्या ठिकाणी वाट सोडली, त्याच ठिकाणी पुढील वर्षी काठी टेकावयाची, एवढाच दंडक. अठ्ठ्याऐंशीवे मंदिर झाल्यावर पुष्कळजण पुन्हा पहिल्या मंदिराशी जातात आणि वर्तुळ पुरे करतात. नंतर कोया पर्वतावर जाऊन आचार्यांना सांगतात की, आपल्या सोबतीने आम्ही सुखरूप आलो.

गुरुभक्तहो, मठाचा वर्धापनदिन आला की, सहजच किती वर्षे झाली हे मोजले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु मठाची वर्षे कशाची झालेली असतात? पहाटेच्या काकड्याची, दुपारच्या नैवेद्याची, पाठशाळेतील त्याच त्या आवृत्तींची, संध्याकाळच्या सांजवातीची. ज्या दिवशी उत्सव नाही, पाहुणा नाही, कीर्तन नाही, त्या दिवशीही कोणी तरी समई लावली, म्हणून आजचा उत्सव उभा आहे. तोसाचा समुद्रकाठ प्रत्येक साधकाच्या आयुष्यात येतो. जपात गोडी उरत नाही, पाठ यांत्रिक होतो, घंटेचा नाद दूर राहतो, आणि समोरचे भूशिर जवळ येत नाही. त्या काळात दोनच गोष्टी सांभाळावयाच्या असतात. आजची मजल आज पुरी करावयाची, आणि मुक्कामी पोहोचल्यावर स्वतःचे दुखरे पाय चेपण्याआधी गुरूचा दंड धुवावयाचा. एवढे ज्याच्याकडून घडते, त्याची परिक्रमा गुरू पुरी करून घेतो.

सर्वांच्या हातून ती पुरी होवो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.